आगाशे काकांची कार्बन कॉपी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

सापडले! एकसष्टावं दार.

सदाशिव पेठ, दुसरा मजला. दारावर नाव – दा. वि. आगाशे. खाली 'विशेष कार्यकारी अधिकारी'. त्याच्याखाली 'दुपारी १ ते ४ बेल दाबू नये. दाबल्यास उत्तर मिळेल, पण आवडणार नाही'. मी पोचले तेव्हा एकला दहा कमी होते. दाबली.

गेल्या वर्षी माहिती अधिकारात ही यादी मिळवली होती. २०१७ साली शहरात कोणाकोणाला सरकारने हा शिक्का दिला होता त्यांची. बहुतेक सगळे निवृत्त, सभ्य, घरात बसलेले. लोक यांच्याकडे सर्टिफिकेटवर सही घ्यायला जातात, आणि पोलिसांना कधी ओळख परेड घ्यायची असली की यांच्यातल्याच एकाला बोलावतात. दर रविवारी दोन-तीन दारं करत होते. कुणी वारलेले, कुणी मुलाकडे अमेरिकेत, एकाने माझ्या अंगावर कुत्रा सोडला.

माझा धाकटा भाऊ सौरभ तुरुंगातून सात वर्षं एकच सांगतोय. 'ताई, जेलमध्ये आमची परेड झाली. आम्ही सात जण रांगेत. मी पाच नंबरला. एक चष्मेवाले आजोबा सगळं लिहून घेत होते. त्या गजरेवाल्या बाईने माझ्या नाही, शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवला.' आणि कोर्टात पोलीस म्हणाले – परेड झालीच नाही. कागदच नाही. दोन वर्षांनी तीच बाई कोर्टात सौरभकडे बोट दाखवून म्हणाली, 'हाच तो, यानेच दुकानात शिरून मालकाला भोसकलं.' तेवढ्यावर जन्मठेप. त्या दुकानात तो आधी कामाला होता, सुट्टीवरून मालकाशी भांडून बाहेर पडला होता, हे पोलिसांना पुरलं. पहिले वकील मला म्हणाले होते, 'झालेली परेड काय हवेत विरते का?' खरं लिहायचं तर मलाही तसंच वाटायचं.

आगाशे म्हणाले, "तारीख?"

म्हटलं, "नक्की माहीत नाही. सप्टेंबर २०१७."

"तारीख माहीत नसताना लोक घराबाहेर पडतात." असं म्हणून आत गेले. मला वाटलं, झालं, आता दार लावणार. पंधरा मिनिटांनी एक फाइल घेऊन आले. म्हणाले, "मी ज्या कागदावर सही करतो त्याची प्रत माझ्याकडे राहते. खाली कार्बन ठेवूनच लिहितो. पोलिसांना मूळ दिलं, हे माझं."

२२ सप्टेंबर २०१७. निळसर कार्बनची अक्षरं. कोपऱ्यात त्या दिवसाचं तापमानसुद्धा – वेधशाळेत नोकरी झाली त्यांची. सातही जणांची नावं, वयं, धंदे, पत्ते. 'साक्षीदार यमुनाबाई यांनी चार क्रमांकाच्या इसमाच्या खांद्यावर हात ठेवून हाच तो असे सांगितले. आरोपी सौरभ रामटेके हा पाच क्रमांकावर उभा होता.' खाली दोन पंचांच्या सह्या.

मी मटकन बसले. ते म्हणाले, "त्या खुर्चीचा पाय मोडका आहे. या दुसऱ्या खुर्चीत बसून रडा."

७ ऑक्टोबर

क्लिनिकमध्ये आज डोळ्यांचे थेंब घ्यायला आलेल्या प्रत्येकाला मी थँक्यू म्हणत होते. डॉक्टर केबिनमधून बाहेर आले – "ललिता, बरं वाटतंय ना?"

८ ऑक्टोबर, मंगळवार

सुट्टी टाकून नम्रता मॅडमच्या ऑफिसला. त्या सौरभचं हायकोर्टातलं अपील फुकट बघतात, हे इथे लिहून ठेवते, कारण त्यांच्या तोंडावर म्हटलं की चिडतात. कागद खिडकीशी धरून दोनदा वाचला. मग चष्मा काढून पुसत बसल्या. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान.

म्हणाल्या, "ताई, पोलिसांकडचा जो कागद आरोपीच्या बाजूने बोलतो तोही आरोपीला द्यावा लागतो. त्यांनी हा नुसता दिला नाही असं नाही, परेड झालीच नाही असं शपथेवर सांगितलंय. आता बघा."

आता बघा! सात वर्षांत वकिलाच्या तोंडून हे पहिल्यांदा ऐकलं. आत्तापर्यंत सगळे म्हणायचे, बघू.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र दिन. पांढरी साडी नेसून आई सकाळीच विहारात गेली. आल्यावर तिला सगळं नीट समजावून सांगितलं, कागद मॅडमकडे आहे, अर्ज करणार आहेत, वेळ लागेल. तिला आनंद होईल वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे पोरगा खरं बोलत होता हे आता तुला पटलं."

आईला कागद कधी लागलाच नाही. मी शिकलेली, मला लागला. पण कागद शोधायला एकसष्ट दारं मीच चढले, हेही खरं आहे. दोन्ही खरं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

जेलमध्ये मुलाखतीला गेले. काचेपलीकडे सौरभ, मध्ये फोन. एवढी मोठी बातमी सांगितली तर पहिला प्रश्न – "चष्म्याला दोरी आहे का त्यांच्या?"

"आहे. काळी."

मग हसला. केवढ्यांदा हसला! ड्युटीवरची बाईसुद्धा बघायला लागली. म्हणाला, "ताई, मला वाटायला लागलं होतं की मीच तो म्हातारा मनात तयार केलाय." चोवीस वर्षांचा आत गेला. आता एकतीस. कानशिलावर पांढरे केस आलेत, मला ते आज दिसले.

परत येताना पाऊण तास विश्रांतवाडीच्या बसची वाट बघितली आणि एकदाही चिडले नाही. नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

२ डिसेंबर

अर्ज दाखल. तारीख जानेवारीत.

२१ जानेवारी २०२५

हायकोर्टाने आगाशे काकांची साक्ष नोंदवायला सांगितली, ती इथेच पुण्यात होईल. त्यांना सांगायला गेले तर म्हणाले, "मुंबईला जावं लागणार नाही हे ऐकून न्यायव्यवस्थेवर विश्वास बसला."

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज साक्ष. काका एक तास आधी येऊन बसलेले. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल, डब्यात शेंगदाण्याचा लाडू – 'कोर्टाच्या कँटीनवर माझा भरवसा नाही'.

सरकारी वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "आपलं वय आता एक्क्याऐंशी. साडेसात वर्षांपूर्वीचं आपल्याला आठवतं, असं आपलं म्हणणं आहे का?"

काका म्हणाले, "नाही. माझ्या स्मरणशक्तीवर कुणीच विसंबू नये. मीसुद्धा विसंबत नाही. म्हणून तर कागद ठेवला."

न्यायाधीशांनी मान खाली घातली. हसत होते बहुतेक. मग वकिलांनी विचारलं, त्या दिवशी बाहेर अंधुक असेल, बाईंना नीट दिसलं नसेल. काका म्हणाले, "दुपारी बाराची वेळ, आकाश निरभ्र, तापमान कोपऱ्यात लिहिलंय." मला उठून त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं. आमच्यात कुणाच्या पाया पडायची सवय नाही, आणि त्यांनाही ते आवडलं नसतं.

बाहेर आल्यावर मात्र काका वेगळेच वाटले. पायरीवर बसले. म्हणाले, "ललिताबाई, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी बाईंनी दुसऱ्याच माणसाला हात लावला. मी घरी आलो आणि धरून चाललो की तुमचा भाऊ सुटणार. पुढे साक्षीला बोलावणं आलं नाही, तेव्हा तर खात्रीच झाली. एकदाही चौकशी केली नाही. दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही, हे आमच्या घरात लहानपणापासून."

मला राग आला, खोटं कशाला लिहू. एक फोन! एक फोन केला असता तर सौरभ शिक्षा होण्याआधीच घरी असता. पण हा माणूस नसता तर मरेपर्यंत आलाच नसता. ते रुमालाने डोळे पुसत होते आणि रुमाल डोळ्यांचा आहे की चष्म्याचा हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मी म्हटलं, "काका, पाणी घ्या." अर्धा लाडू मला दिला. खाल्ला.

२४ मार्च

मॅडमचा मुंबईहून फोन. तिथल्या सरकारी वकीलबाईंनी स्वतः उभं राहून सांगितलं – आम्ही मूळ फाइल मागवली, परेडचा कागद तिच्यात आहे. एका वेगळ्या लिफाफ्यात. वर कुणीतरी पेन्सिलीने 'जोडू नये' लिहिलेलं.

ही बाई लपवू शकली असती. तिचं कामच आमच्या विरुद्ध उभं राहायचं. तिचं नाव मला माहीत नाही, पण तिच्या घरी सगळे सुखात असोत.

'जोडू नये'. दोन शब्द. दिवसभर तेच डोक्यात.

१६ एप्रिल, बुधवार

निर्दोष.

मॅडमनी फोनवर निकालातलं एक वाक्य वाचून दाखवलं – ओळख परेडचा कागद दडवून सरकार पक्षाने आरोपीची बचावाची संधीच काढून घेतली, अशा खटल्यात दिलेली शिक्षा टिकू शकत नाही. त्या वाचत होत्या आणि मी क्लिनिकच्या जिन्यात उभी. मागून आवाज आला, "जरा बाजूला व्हा, उतरायचंय." मी बाजूला झाले. त्या माणसाला काय माहीत?

घरी जाऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हातातली पुरी केली, तव्यावर टाकली, उलटली, मग खाली बसली.

१७ एप्रिल, गुरुवार

कागदपत्रं यायला संध्याकाळचे साडेपाच झाले. छोट्या दारातून वाकून सौरभ बाहेर आला. हातात पिशवी. आईने त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कान, हनुवटी, सगळं. काका रिक्षा करून आले होते. सौरभ त्यांच्यासमोर उभा राहिला. काका म्हणाले, "तेव्हा बारीक होतात."

तिथे तीन-चार पेपरवाले आले होते, एक चॅनेलवालाही. मी आयुष्यात कधी माईकसमोर बोलले नाही, आज थांबतच नव्हते. मॅडमचं नाव घेतलं, काकांचं, न्यायाधीशांचं, बस थांबवणाऱ्या कंडक्टरचंसुद्धा घेतलं असेल. एकाने विचारलं, "मग बाईंनी ओळखलं कुणाला होतं?" कागद मला पाठ! म्हटलं, "चार नंबरला. नागोराव धोत्रे, वय चोवीस, रंगारी, राहणार धानोरी." त्याने स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं.

अंगात नुसती वीज होती. सात वर्षं कुणी काही विचारलं नव्हतं.

१८ एप्रिल

पेपरात फोटो आलाय. आई, सौरभ, काकांचा अर्धा चेहरा. मथळा – 'सात वर्षांनी सुटका. मग तो चौथा कोण?' गल्लीत सगळ्यांनी वाचला. समोरच्या सुंदराबाई शिरा घेऊन आल्या. सौरभला शिक्षा झाली तेव्हा याच बाईंनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. मी डबा घेतला, शिरा चांगला झाला होता, तसं सांगितलं. राग धरायला आज जागाच नाही.

२० एप्रिल, रविवार

तो फ्रिज उघडताना विचारतो. बाथरूमला जाताना विचारतो. आई म्हणते, "अरे तुझंच घर आहे." तरी विचारतो. सकाळी मी दार सताड उघडं ठेवलं, तो उंबऱ्याशी खुर्ची घेऊन बसला. बाहेर नाही गेला. बाहेर बघत बसला. तेवढं पुष्कळ आहे.

२७ एप्रिल, रविवार

बुधवार पेठेत गेले. यमुनाबाई अजून त्याच गल्लीच्या तोंडाशी गजरे विकतात. मनात पाठ केलेली चार वाक्यं होती, चांगली झणझणीत. मी कोण ते सांगितल्यावर त्यांच्या हातातली सुई थांबली.

"पोरी, मी पाठमोरा माणूस पाहिला होता गं. पळताना. तोंड दिसलंच नाही. जेलमध्ये नेलं, साहेब म्हणाले ओळखायलाच पाहिजे. मग एकाच्या खांद्यावर हात ठेवला. का त्याच्याच, ते मलाबी ठाऊक नाही. त्याचा शर्ट चांगला होता. मग कोर्टाच्या दिवशी म्हणाले, तू चुकलीस, हा बघ, हा. मी म्हटलं बरं." सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "मारलं त्या माणसाला लहान लेकरं होती. कुणीतरी सापडावं असं मलाबी वाटत होतं."

चार वाक्यांतलं एकही बोलले नाही. त्यांनी गजरा दिला, मी घेतला. केसांत माळला नाही, पण टाकलाही नाही. घरी फुलपात्रात ठेवलाय.

१२ मे, सोमवार

बुद्धपौर्णिमा. काकांना खिरीला बोलावलं होतं. येतील असं वाटलं नव्हतं, विश्रांतवाडी म्हणजे त्यांच्या हिशोबाने परगाव. आले! दारातच आईला म्हणाले, "मी वेळेवर आलोय, खीर तयार आहे का?" आई म्हणाली, "तुम्ही यायच्या आधीच." दोघांचं लगेच जमलं.

दोन वाट्या खीर खाल्ली. मग सौरभला विचारलं, पुढे काय करणार. तो म्हणाला, मोबाइल दुरुस्ती येते, पण मधल्या काळात फोन सगळे बदललेत. काका म्हणाले, "माझा आहे तसाच आहे, त्याच्यापासून सुरुवात करा." खिशातून काढला. बटणांचा! सौरभने तो टेबलावर उघडला, काका चष्मा सावरून बघत राहिले, आणि पाऊण तास दोघं त्यात डोकं घालून होते. निघताना सौरभ त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. न विचारता गेला.

मी तशी खाष्ट बाई. क्लिनिकमध्ये पेशंट मला टरकून असतात. पण आज लिहावंसं वाटतंय – किती माणसांनी हात लावला तेव्हा हे ओझं उचललं गेलं. मॅडम, काका, ती अनोळखी सरकारी वकील, साक्ष लिहून घेणारा क्लार्क, ज्याने काकांना खुर्ची दिली. त्या कुत्रावाल्यालासुद्धा माफ केलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा. आता मागणं काही नाही.

१४ मे, बुधवार

सकाळी दारात एक बाई. तिशीची असेल. कडेवर पोर, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. मला वाटलं, कुणीतरी पत्ता विचारतंय.

"रामटेके ताई तुम्हीच का? मी दीपमाला. धानोरीहून आले. आमच्या मालकाला परवा चौकीत नेलंय, अजून सोडलं नाही. पेपरात नाव आलं म्हणून खुनाची केस पुन्हा उघडली म्हणत्यात. त्या दिवशी जेलात रंगकामाला गेलते ओ ते. पोलिसांनी म्हटलं, पाच मिनिटं रांगेत उभा राहा, म्हणून राहिले." मग म्हणाली, "तुमचा माणूस सुटला ना. तुम्ही आधी कुणाकडं गेला होता, तेवढं सांगा."

सौरभ आतून आला. तिच्याकडे बघत म्हणाला, "माझ्या शेजारी उभा होता तो. मला म्हणाला होता, घाबरू नको."

तिला आत बसवलं. मॅडमना फोन लावला, त्या निघाल्यात. चहा ठेवलाय. तिने अजून विचारलेलं नाही की पेपरवाल्यांना नाव कुणी दिलं. चहा दिला की सांगते. मी दिलं. वय, धंदा, पत्त्यासकट.